कोण नेणार?

माझ्या पाळणाघराच्या दाराला दोन कड्या होत्या. एक नेहमीच्या उंचीवर आणि दुसरी पार वर, चौकटीला लागून. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे वरची कडी काढायला टाचा उचलाव्या लागायच्या. कर्वेनगरातल्या त्या तळमजल्यावर १९९६ पासून २४ वर्षं मी रोज तीस-चाळीस वेळा टाचा उचलल्या. करोनात पाळणाघर बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. पण सवय काही जात नाही. परक्या जागी लहान मूल घेऊन गेले की लोक पडदे बघतात, गाद्या दाबून बघतात, मी कडी शोधते.

गेल्या वर्षी १५ ऑगस्टला शुक्रवार आला आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. अशी जोडून सुट्टी आली की अख्खं पुणं एकदम गाडीत बसतं. आम्हीही बसलो. मुलगा मंदार, सून श्रुती, सात वर्षांची ओवी, साडेतीन वर्षांचा कबीर आणि मी. मुळशीकडचं एक रिसॉर्ट श्रुतीने महिनाभर आधी बुक केलं होतं. नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखी दहा असतील. ते निवडायचं कारण एकच, किड्स क्लब. "आई, मुलं तिथे रमतील. तुम्हालाही जरा मोकळा वेळ मिळेल," असं ती म्हणाली. त्या 'तुम्हालाही'तला 'ही' मी ऐकला. पोरगी हिंजवडीला जाऊन-येऊन रोज तीन तास गाडीत काढते, घरी आली की पुन्हा लॅपटॉप. तिला दोन तास नुसतं खिडकीतून पाऊस बघत बसायचं होतं. त्यात गैर काय?

चांदणी चौक ओलांडेपर्यंत सगळे खुशीत होते. मग भूगाव. तिथे एक तास गाडी मुंगीच्या पावलाने. कबीरला शू, ओवीला उलटी, मंदारला राग, सगळं क्रमाने आलं. पौडच्या पुढे मात्र भातखाचरं लागली आणि गाडीत बरीच शांतता झाली.

रिसेप्शनवर फॉर्म भरताना मुलांच्या वयाचा रकाना आला. वरच्या पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं, किड्स क्लब वय ४ ते १२, चारच्या आतल्या मुलांबरोबर पालक हवेत. मंदारने कबीरच्या पुढे ४ लिहिलं. काउंटरवरची मुलगी हसून "चालतं सर" म्हणाली. मी बाजूलाच उभी होते. सगळं पाहिलं आणि गप्प बसले. सुट्टीच्या पहिल्याच तासाला सासूने किरकिर कशाला करायची, असा विचार केला. पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

हे चार वर्षांचं गणित हॉटेलवाल्यांनी हवेतून काढलेलं नाही. चार वर्षांचं मूल शू आली हे वेळेत सांगतं, स्वतःचं नाव-आडनाव सांगतं, दुपारी झोपलं नाही तरी निभावतं. पण माझ्या लेखी खरा फरक वेगळाच आहे. तीन वर्षांच्या मुलाला कुणी "चला" म्हटलं की ते चालू लागतं. चार वर्षांचं मूल "कुठे?" विचारतं.

क्लबची खोली देखणी होती, खोटं कशाला बोलू. रंगीत चेंडूंचा हौद, छोटी घसरगुंडी, भिंतीवर जिराफ, एका कोपऱ्यात टीव्ही. दाराऐवजी कमरेएवढं पांढरं फाटक, ढकललं की उघडणारं. संडास मोठ्यांच्या मापाचा, पायाखाली घ्यायला पाट नाही. सगळं सांभाळायला एक मुलगी, एकवीस-बावीसची, पौडजवळच्या गावातली, बाहेरून बी.ए. करणारी. पिवळ्या टी-शर्टवर छातीवर 'फन कॅप्टन' असं छापलेलं. मुलं तिला दीदी म्हणत होती. एक दादाही असतो म्हणे, पण शनिवारच्या दहीहंडीची मडकी आणायला तो पौडला गेला होता.

रात्री झोप येईना म्हणून इंग्लंडात लेस्टरला असलेल्या भाचीशी बोलत बसले. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते, तिलाही वेळ असतो. ती नर्सरीत काम करते, त्यामुळे आमच्या गप्पा कायम धंद्याच्या. तिच्याकडे मुलांमागे माणसं किती, हे नियमात बांधलेलं आहे. दोन वर्षांच्या आतल्या तीन मुलांमागे एक माणूस, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, आणि तिसरं सरलं की साधारण आठांमागे एक. दोन वर्षांच्यांचा आकडा आधी चार होता, २०२३ मध्ये पाच केला, त्यावर ती अजून चिडलेली आहे. माझ्याकडे बारा मुलांना मी आणि दोन मावशा होतो. कायदा कुणी सांगितला नव्हता, पण तेराव्या मुलाला मी तोंडावर नाही म्हणत असे. तेव्हा लोकांना मी माजोरडी वाटायचे.

मग बोलता बोलता विषय सुट्टीवर घसरला. सुट्टीच्या ठिकाणी मुलं सांभाळून द्यायची ही कल्पना मला आत्ताची वाटायची, तर ती बरीच जुनी निघाली. इंग्लंडात बिली बटलिनने १९३६ साली स्केगनेसला कामगारवर्गासाठी हॉलिडे कॅम्प काढला. तसल्या कॅम्पांत रात्री आईबाप नाचायला हॉलमध्ये जायचे, पोरं खोलीत झोपलेली. खोल्यांच्या रांगांमधून नोकर गस्त घालायचे, कान देऊन. कुठे तान्हं रडताना ऐकू आलं की नाचाच्या हॉलमध्ये त्या खोलीचा नंबर झळकायचा, मग ती आई नाच सोडून धावायची. मला ते फार आवडलं. आपल्या मंगल कार्यालयात माइकवरून "गाडी नंबर अमुक तमुक, कृपया बाजूला घ्यावी" म्हणतात ना, तसंच. पुढे 'क्लब मेड' या सुट्ट्यांच्या फ्रेंच क्लबने, जो १९५० मध्ये मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुरू झाला होता, १९६७ मध्ये 'मिनी क्लब' काढला. मुलांचा वेगळा दिवस, वेगळे ताई-दादा, वेगळं वेळापत्रक. आज मुळशीत जिराफाच्या भिंतीखाली जे चालतं ते त्याचंच वंशज.

आपल्याकडे आजोळ होतं की, असं कुणी म्हणेल. होतं. मेमध्ये अकरा मावस-मामेभावंडं आणि एक मामी. त्याचं कौतुक सांगणाऱ्यांना मी फक्त विचारते, विहिरीला कठडा होता का? आमच्याकडे नव्हता. आम्ही मोठे झालो हे आमचं नशीब, त्यात व्यवस्थेचा काही हात नाही.

शनिवारी सकाळी फळ्यावर कार्यक्रम लिहिलेला होता. अकराला मडकी रंगवणे, बाराला टॅटू, एकला सिनेमा, पाचला मिनी दहीहंडी. अकराला आम्ही दोघांना घेऊन गेलो. ओवी शिरली ती मागे वळून न बघता. कबीर चेंडूंच्या हौदात उतरला तशी श्रुती मला हळूच म्हणाली, "रमलाय, आपण सटकू." मी तिचा दंड धरला. पाळणाघराच्या सगळ्या काळात मी आईबापांना एवढी एकच गोष्ट बजावत आले, मुलाला फसवून पळायचं नाही. रडलं तर रडू द्या, पण सांगून जा. फसवून गेलात तर ते पुढच्या वेळी चेंडूंकडे बघणारच नाही, तुमच्या पदराकडे बघत बसेल. आणि "पाच मिनिटांत येते" हेही नको. त्याला मिनिटं कळत नाहीत, जेवण कळतं. श्रुतीने खाली बसून सांगितलं, "मी जाते. जेवायच्या वेळी येते." त्याने भोकाड पसरलं. दीदीने त्याला कडेवर घेतलं, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरचा जिराफ मोजायला लावला. एकच जिराफ होता, पण ती त्याचे ठिपके मोजत होती. दोन मिनिटांत आवाज बंद. मला मुलगी आवडली.

खोलीत येऊन मी पुस्तक उघडलं. सव्वाबारापर्यंत त्याच पानावर होते. शेवटी "चष्म्याचं कव्हर तिकडे राहिलं" असं सांगून निघाले. श्रुती हसली, तिला कव्हर टेबलावर दिसत होतं.

क्लबमध्ये तोवर गर्दी वाढली होती. दीदी एका मुलाचे निळे हात बेसिनमध्ये धूत होती, दुसरी एक चिमुरडी पाय आवळून तिच्या मागे उभी होती आणि टॅटूच्या रांगेत दोघं एकमेकांना ढकलत होते. मी दारातून डोकी मोजली. हे मी ठरवून करत नाही, बाकीचे लोक घड्याळ बघतात तसं होतं. "किती आहेत गं?" विचारलं. "सतरा," ती न बघता म्हणाली. मी सोळा मोजली. पुन्हा मोजली, सोळाच. मग खाली बघितलं. चपलांच्या ढिगात कबीरचे लाल गमबूट नव्हते.

ते सगळं लिहायला हात उचलत नाही, पण थोडक्यात सांगते. ओवीला माहीत नव्हतं. हौदात हात घालून बघितलं. संडासात नाही. घसरगुंडीमागे नाही. बाहेर मोकळा पोर्च, पुढे फरशीची वाट, वाटेच्या डाव्या हाताला स्विमिंग पूल. पुलाला कुंपण नाही, नुसत्या कुंड्या. पावसामुळे पाण्यात कुणीही नव्हतं आणि पाण्यावर थेंब इतके उठत होते की तळ दिसत नव्हता. मी काठाने एक पूर्ण फेरी मारली. पासष्टाव्या वर्षी मला पळता येतं हे मला त्या दिवशी कळलं. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. आवाज न होता जातं. पाण्याजवळ लहान मूल आपल्या हाताच्या अंतरावर हवं म्हणतात ते त्यासाठी.

कबीर जेवणाच्या हॉलमध्ये सापडला. जळगावच्या एका कुटुंबाच्या टेबलाशी, उंच खुर्चीत, गळ्याला त्यांनीच बांधलेला नॅपकिन, हातात जिलबी. भरघोस मिशांचे एक गृहस्थ स्वतःच्या मुलाला न्यायला क्लबात आले होते. दारातून त्यांनी हाक मारली, "चला रे, जेवायला!" जेवायला म्हटल्यावर दोघं उठले. कबीरने शहाण्यासारखे स्वतःचे गमबूट घातले आणि त्यांचं बोट धरलं. आईने सांगितलंच होतं, जेवायच्या वेळी येते. त्याच्या हिशेबाने सगळं बरोबर चाललं होतं. "मला वाटलं आमच्या मेव्हण्याच्या पार्टीतल्या कुणाचा तरी असेल," ते गृहस्थ म्हणाले. बिचारे घामाघूम झाले होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं. सगळं मिळून बारा मिनिटं.

श्रुती आली ती सरळ दीदीवर. मी मध्ये पडले. ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती, हाताला अजून निळा रंग, आणि एवढंच म्हणत होती, "आजी, मी एकटीच होते ओ. एकटीच होते." सतरा मुलं, त्यातलं एक खोट्या वयाचं. हे शेवटचं मी श्रुतीला तेव्हा बोलले नाही, मंदारकडे फक्त बघितलं. त्याने मान खाली घातली.

मॅनेजर अतिशय सुसंस्कृत. माफी मागितली, आणि आमच्याकडून कॉम्प्लिमेंटरी म्हणून मॅडमना फूट मसाज देतो म्हणाला. मी म्हटलं, पाय बरे आहेत माझे, आत्ताच पळून बघितलेत. मला दाराला वरून कडी हवी, आतमध्ये दुसरं माणूस हवं, आणि मूल कोण नेणार हे लिहिणारी वही हवी. त्याने नम्रपणे फॉर्मची मागची बाजू दाखवली. 'हा ॲक्टिव्हिटी झोन आहे, पाळणाघर नव्हे, मुलांची जबाबदारी पालकांची राहील.' खाली मंदारची सही. खरंच होतं ते. मात्र वेबसाइटवर त्याच खोलीच्या फोटोखाली 'तुम्ही निवांत व्हा, मुलं आमच्यावर सोपवा' असं होतं. एकाच खोलीची पुढून एक भाषा आणि मागून दुसरी. भांडले नाही. मसाज नको म्हटलं आणि दुपारी मुलं सोडायच्या वेळी क्लबात जाऊन बसले.

दादा तोवर आला होता, पण तो शिडीवर. दीदी माझ्याकडे बघायलाही घाबरत होती. मी म्हटलं, टीव्ही बंद कर आणि सगळ्यांना गोलात बसव. 'मामाचं पत्र हरवलं' घेऊ. ती चमकली, "हे येतं मला!" आणि रुमाल काढला. बाहेरच्यांना वाटतं हे खेळ संस्कृतीसाठी असतात. असतील. माझ्यासाठी ते डोकी मोजायचं यंत्र आहे. गोलात बसलेलं मूल हरवत नाही. मधलं एक उठलं की दाताची फट दिसावी तशी फट दिसते. तळ्यात-मळ्यात घेतलं की सगळी एका रेषेत येतात. बागेत नेताना मी नायलॉनच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारायचे, प्रत्येकाने आपापली गाठ धरायची. ज्याची गाठ रिकामी तो मागे राहिला. डबा ऐसपैस मात्र पाळणाघरात कधीच नाही. लपायला शिकवलं की पोरं ते विसरत नाहीत.

दीदी भराभर शिकत होती. मध्येच ती विचारायची, "आजी, रडणाऱ्याला खाऊ दिला तर चालतं का?" चालतं, पण रडणं थांबल्यावर, थांबवायला नव्हे. "आणि चावणाऱ्याला?" चावणाऱ्याला हातात काम द्यायचं. मंदारला लहानपणी सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात सोडायचे तेव्हा तिथल्या ताया कशा खेळतात ते बाकावर बसून बघायचे. माझं ट्रेनिंग एवढंच. हिचं तर एवढंही झालेलं नाही. तिला फुगे फुगवायला, टॅटू लावायला आणि वाढदिवसाचं गाणं म्हणायला शिकवलंय. मूल घ्यायचं कसं आणि द्यायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नाही.

खोली आवरायला येणाऱ्या बाईला मी सहज विचारलं, तुला मुलं किती? एक, दोन वर्षांचा. कुठे असतो? "सासूकडं. सासूला दिसत नाय नीट. पण बसवती जवळ." तेव्हा लागू असलेला, २०१७ च्या दुरुस्तीनंतरचा मातृत्व लाभ कायदा सांगत होता की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायला हवं. त्या रिसॉर्टवर माणसं किती ते मी मोजलं नाही. मोजायला हवी होती. बाई चादरीचा कोपरा खोचत म्हणाली, "आजी, तुमचा नातू लई गोड हाय, जिलबी खाणारा." म्हणजे बातमी सगळीकडे पोचली होती.

पाचची दहीहंडी पोर्चमध्येच झाली, पाऊस होता म्हणून. हंडी इतकी खाली की ओवीने उडी मारून फोडली आणि थर लावायला आलेल्या चार बाबालोकांचा विरस झाला. दह्याऐवजी पॉपकॉर्न निघाले. श्रुती कबीरला अंगापासून सोडत नव्हती आणि तो तिच्या कडेवरून जळगावच्या मिशांना हात करत होता.

रविवारी सकाळी निघण्याआधी मुलांना शेवटचं एकदा क्लबात जायचं होतं. श्रुती नको म्हणाली, मग म्हणाली, जाऊ दे, मी पण येते. फाटकाला वर एक नवी कडी होती, पितळी, जरा वाकडी बसवलेली. आत दीदी आणि दादा दोघंही. टेबलावर शाळेची दोनशे पानी वही, पट्टीने आखलेली. मुलाचे नाव. वय. खोली. कोण सोडले. कोण नेणार. सही. आधीच चार नावं लिहून झाली होती. जळगावच्या मुलापुढे 'कोण नेणार' मध्ये लिहिलं होतं, 'बाबा (मिशीवाले)'.

मंदारने पेन घेतलं. कबीरचं नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात लिहिलं, साडेतीन.

दीदीने वही फिरवून वाचलं. मग मंदारकडे बघून, जरा चाचरत पण स्पष्ट म्हणाली, "सर, साडेतीन असेल तर तुमच्यातलं कुणीतरी थांबायला लागेल."

मी त्यांच्याकडची ती बुटकी पिवळी खुर्ची ओढून घेतली.